करबुड्याचा कातळ आणि खोलीचा धोका

गेल्या सत्तर वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याच्या डोंगरांच्या पोटात सतत खोदकाम चालू आहे. चिपळूण तालुक्यात पोफळीला कोयना प्रकल्पाचे वीजगृह डोंगराच्या आत आहे, आणि त्याच परिसरात पुढच्या टप्प्यांचे बोगदे, उभी विवरे आणि दालने आहेत. खेडपासून राजापूरपर्यंत कोकण रेल्वे नातूवाडी, सावर्डे, परचुरी, करबुडे, टिके, बेर्डेवाडी अशा एकामागून एक बोगद्यांतून जाते. यांतला ६.५ किलोमीटरचा करबुडे बोगदा बांधून झाल्यापासून पुढे अनेक वर्षे देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. २०१३ मध्ये काश्मीरमधला पीर पंजाल बोगदा सुरू झाला तेव्हा तो मान गेला. अलीकडे मुंबई-गोवा महामार्गासाठी कशेडी घाटही पोखरला गेला. या सगळ्या कामांचा इतिहास सहसा जिद्दीची कहाणी म्हणून सांगितला जातो, आणि ती जिद्द खरीच होती. मात्र त्या कहाणीत एक प्रश्न मागे राहतो. डोंगरात शिरण्यापूर्वी खडकापासून असलेला धोका कसा जोखला गेला, आणि जोखताना माणसांनी योग्य गोष्टीची धास्ती घेतली का? खोल बोगद्यांतला सर्वांत भयंकर मानला जाणारा धोका म्हणजे खडकस्फोट, ज्याला अभियंते रॉकबर्स्ट म्हणतात. या धोक्याच्या मापाने रत्नागिरीचा इतिहास तपासला तर असे दिसते की आपल्या कातळाने आजवर खडकस्फोटाची वेळ फारशी येऊ दिली नाही. त्याची कारणे कातळाच्या घडणीत आहेत आणि बोगद्यांच्या बेताच्या खोलीतही आहेत. यापुढे सह्याद्रीच्या मुख्य भिंतीखालून बोगदे न्यायचे झाले, तर ही दोन्ही कारणे लागू राहतीलच असे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे.

खडकस्फोट म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण बोगद्यातली प्रत्येक पडझड खडकस्फोट नसते. जमिनीखालचा खडक वरच्या डोंगराचे वजन आणि भूकवचातला आडवा रेटा सोसत असतो. बोगदा खणला की तिथला खडक नाहीसा होतो. तो जो भार वाहत होता, तो आता बोगद्याच्या कडेच्या खडकावर येतो. तिथला खडक मऊ असेल तर तो हळूहळू आत सरकतो, बोगदा आवळत जातो. खडक कणखर, सलग आणि ठिसूळ असेल तर तो भार सोसताना आपल्यात ऊर्जा साठवत राहतो आणि एका क्षणी सोसण्याची मर्यादा संपून फुटतो. मग दगडाचे पापुद्रे किंवा मोठाले तुकडे वेगाने आत फेकले जातात. आल्प्समधला सिंप्लॉन बोगदा १८९८ ते १९०६ या काळात खणला गेला. त्यावर दोन किलोमीटरहून जास्त जाडीचा डोंगर होता, आणि तिथल्या कामगारांना तापलेला खडक, पाणी आणि तडतडून उडणारे दगड या तिन्हींशी झुंजावे लागले. आपल्या देशात कोलारच्या सोन्याच्या खाणींनी याचा सर्वांत दीर्घ अनुभव घेतला. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. या खाणी २००१ मध्ये बंद होईपर्यंत खडकस्फोट हा तिथल्या रोजच्या कामाचा भाग होता, आणि देशाची राष्ट्रीय शिलायांत्रिकी संस्थाही १९८८ मध्ये कोलारमध्येच उभी राहिली. चीनमध्ये जिनपिंगच्या जलविद्युत प्रकल्पात २८ नोव्हेंबर २००९ रोजी झालेल्या खडकस्फोटात सात कामगार गेले आणि बोगदा खोदणारे अजस्र यंत्र गाडले गेले. तिथे वरचा डोंगर काही ठिकाणी अडीच किलोमीटर जाड होता. कणखर खडक आणि त्यावर प्रचंड भार, अशी जोडी या तिन्ही ठिकाणी एकत्र आली होती.

म्हणून धोका जोखण्याची पहिली पायरी साध्या भागाकाराची आहे. खडकाची दाब सोसण्याची ताकद वर ठेवायची आणि त्या खोलीवरचा मुख्य ताण खाली. नॉर्वेतल्या बार्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या क्यू पद्धतीत हेच गुणोत्तर वापरले आहे. भागाकार दहाच्या वर असेल तर ताणाची चिंता फारशी नाही. दहा ते पाचमध्ये ताण चढा आहे, पण खडक घट्ट असल्याने तो बहुधा सांभाळून घेतो. पाच ते तीनमध्ये भिंतीचे पापुद्रे सुटायला लागतात. तीनच्या खाली खडकस्फोटाची शक्यता धरावी लागते, आणि दोनच्या खाली तर तो जोरदार असेल असे मानूनच काम करावे लागते. आता हे गणित आपल्या काळ्या पाषाणाला लावू. बेसाल्टच्या वजनामुळे दर शंभर मीटर खोलीमागे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण २८ किलोचा भार चढतो. डोंगर तीनशे मीटर जाडीचा धरला तर भार ८५ किलोच्या आसपास जातो. चांगला घट्ट बेसाल्ट दर चौरस सेंटिमीटरला दीड हजार किलोचा दाब सहज सोसतो. भागाकार सतराच्या पुढे येतो. ताकद हजार किलोच धरली तरी तो अकराच्या वर राहतो. कोकण रेल्वे सह्याद्रीच्या पायथ्याने, त्याच्या पश्चिमेकडे उतरणाऱ्या सोंडा कापत जाते. अशा सोंडांच्या जाडीत खडकस्फोटाची भीती या हिशोबाने उरत नाही.

पण सह्याद्रीत पहिले बोगदे खणले गेले तेव्हा असे कोणतेही कोष्टक कोणाच्या हाती नव्हते. बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १४ मे १८६३ रोजी घाट खुला झाला. पंचवीस बोगदे, एकास सदतीसचा चढ, मुख्य अभियंता जेम्स बर्कली, आणि सॉलोमन ट्रेडवेल आल्या आल्या काही आठवड्यांतच वारल्यावर कंत्राट तडीस नेणारी त्याची पत्नी ॲलिस. डायनामाइटचा शोध अजून लागायचा होता. आल्फ्रेड नोबेलला त्याचे पेटंट १८६७ मध्ये मिळाले. म्हणजे बोरघाटाचा कातळ हाताने पाडलेल्या भोकांत काळी दारू ठासून फोडला गेला. त्या कामावर हजारोंनी माणसे गेली, आणि त्यांतली फार मोठी संख्या कॉलरा आणि तापाने गेली. दगडाने घेतलेले बळी होते, पण ते मुख्यतः सुरुंगाचे आणि उतारावरून घसरणाऱ्या दगडांचे होते. याचा अर्थ त्या काळच्या अभियंत्यांनी खडक बरोबर वाचला असा लावता येणार नाही. त्यांनी तो वाचलाच नाही. समोर येईल तसा फोडला. घाटातले बोगदे कड्याच्या काठाकाठाने, फार थोड्या जाडीच्या डोंगरातून जात असल्यामुळे खोलीचा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नाही.

खोलीचा प्रश्न खऱ्या अर्थाने आला तो कोयनेमुळे. पूर्वेकडे वाहणाऱ्या कोयनेचे पाणी अडवायचे, बोगद्यातून पश्चिमेला वळवायचे, आणि सह्याद्रीच्या उंचीचा फायदा घेऊन पोफळीला सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडायचे, अशी ही कल्पना होती. ते पाणी पुढे वाशिष्ठीत जाते. पहिल्या दोन टप्प्यांचा मुख्य बोगदा पावणेचार किलोमीटरच्या आसपास लांबीचा आहे, आणि १९६२ मध्ये पोफळीची वीज सुरू झाली. या रचनेत एक शहाणपण आहे, ज्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. लांब बोगदा जलाशयाच्या पातळीलगत वरच्या अंगाने नेला आहे, त्यामुळे त्याच्यावर अख्ख्या सह्याद्रीची जाडी येत नाही. पाणी खाली उतरते ते उभ्या-तिरप्या दाबविवरांतून, आणि वीजगृहाचे दालन तेवढे खालच्या पातळीवर डोंगरात आहे. जलविद्युतेच्या गरजेने जी आखणी झाली, तिनेच खोलीचा धोकाही आवाक्यात ठेवला.

कोयनेने आणखी एक गोष्ट दिली, आणि माझ्या मते बोगद्यांच्या इतिहासात तिचे मोल विजेइतकेच आहे: दख्खनच्या पठाराचा खडक बोगदा खणणाऱ्याच्या नजरेने वाचण्याची विद्या. बाहेरून पाहणाऱ्याला हा सगळा काळा दगड एकसारखा वाटतो. प्रत्यक्षात तो लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला आहे, आणि एकाच थरात वर-खाली वेगळ्या स्वभावाचा दगड सापडतो. पुण्याचे अभियांत्रिकी भूवैज्ञानिक आर. बी. गुप्ते यांनी महाराष्ट्रातल्या धरणांच्या आणि बोगद्यांच्या जागा अभ्यासून जे मांडले, त्याने जुनी समजूत उलटी केली. घट्ट काळा बेसाल्ट ताकदीला थोर, पण थंड होताना आकसल्यामुळे तो सांध्यांनी चिरलेला असतो. त्यातून पाणी झिरपते आणि छताचे ठोकळे सुटतात. याउलट पांढऱ्या-हिरव्या खनिजांच्या गोळ्या भरलेला पोकळयुक्त बेसाल्ट ताकदीने कमी, पण बहुधा सांधेविरहित आणि सलग असतो. त्यात बोगदा आधाराशिवायही उभा राहू शकतो. देशावर विहिरी खणणारे मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण असा भेद पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. त्यांच्या अनुभवाला इथे शास्त्राची जोड मिळाली. थरांच्या मध्ये येणारा तांबडा, गेरूसारखा बोल ओला झाला की ढासळतो. काचेसारखा टॅकिलाइटयुक्त बेसाल्ट उघड्यावर येताच भुगा होऊ लागतो. थरांतून उभ्या घुसलेल्या डाइकांच्या कडेने पाणी वाहते. म्हणजे सह्याद्रीत बोगद्याचे बरेवाईट ठरवणारे घटक होते थर, सांधे आणि पाणी. ताणाचा नंबर त्यांच्यानंतर लागत होता.

कोकण रेल्वेच्या वेळी ही विद्या कामाला आली. कोकण रेल्वे महामंडळ जुलै १९९० मध्ये स्थापन झाले. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, मधू दंडवते अर्थमंत्री आणि ई. श्रीधरन महामंडळाचे प्रमुख, असा तो योग होता. रोहा ते मंगळूर या मार्गासाठी एकास दीडशेपेक्षा जास्त चढ नको, वळणाची त्रिज्या साडेबाराशे मीटरपेक्षा कमी नको, आणि ताशी १६० किलोमीटरचा वेग पेलणारी वाट हवी, असे ठरले. बोरघाटातल्या एकास सदतीसच्या शेजारी हे ठेवले की सव्वाशेहून अधिक वर्षांत काय बदलले ते कळते. गाडी डोंगराला वळसा घालून चढणार नव्हती, त्यामुळे डोंगरातून सरळ जाणे भाग पडले. परिणामी नव्वदच्या वर बोगदे आणि त्यांची एकूण लांबी ८० किलोमीटरहून अधिक. त्यांतले लांब बोगदे बहुतेक रत्नागिरी जिल्ह्यात किंवा त्याच्या सीमेवर आहेत: नातूवाडीचा ४.४ किलोमीटरच्या आसपास, टिकेचा चारहून थोडा अधिक, बेर्डेवाडीचा चार, आणि उक्षी-भोके दरम्यानचा करबुडे साडेसहा. हे सगळे कठीण कातळातले. स्वीडनहून आणलेल्या हायड्रॉलिक ड्रिलिंग जंबोंनी समोरच्या कातळात भोके पाडायची, सुरुंग उडवायचे, धूर बाहेर काढायचा, सुटलेला दगड पाडून घ्यायचा, मलबा उपसायचा आणि पुन्हा भोके पाडायची. हे चक्र सतत चालले. हाताने पाडलेल्या भोकांपासून इथपर्यंत आलेल्या या धंद्यात कौशल्य बदलले, पण सुरुंगानंतर छताकडे पाहून कुठला दगड बोलतो आहे हे ओळखणाऱ्या माणसाची गरज तशीच राहिली.

या मार्गाचे वेळापत्रक कशाने मोडले ते पाहावे. करबुड्याचा कातळ फुटला. अडकून पडले ते गोव्यातले पेडणे. दीड किलोमीटरच्या आसपास लांबीच्या त्या बोगद्यात पाण्याने भिजलेली मऊ माती होती. ती खणली की पुन्हा ढासळत होती. साडेसहा किलोमीटरचा कातळ पार झाला तरी हा चौथ्या हिश्श्याहून लहान बोगदा मार्गाच्या पूर्ततेला रोखून बसला. शेवटी २६ जानेवारी १९९८ रोजी सलग मार्ग सुरू झाला. पेडण्याची डोकेदुखी तिथे संपली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये त्या बोगद्याची भिंत कोसळून गाड्या वळवाव्या लागल्या, आणि जुलै २०२४ मध्ये तिथे पाणी आणि चिखल आल्याने वाहतूक थांबली. त्याच जुलैत खेडजवळ दिवाणखवटीला बोगद्याच्या तोंडाशी दरड येऊन मार्ग बंद झाला. सर्वांत जास्त बळी बोगद्यांच्या बाहेर, उघड्या कटिंगमध्ये गेले. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळून पन्नासहून अधिक माणसे गेली, आणि १६ जून २००४ रोजी करंजाडी-वीर दरम्यान मत्स्यगंधा एक्सप्रेसला असाच अपघात झाला. दोन्ही घटना पावसाळ्याच्या तोंडावरच्या आहेत, हा योगायोग समजू नये. कोरड्या पडलेल्या सांध्यांत पहिले पाणी शिरते, तेव्हा डोंगराच्या कडा सैल होतात. बोगदा जिथे संपतो आणि उघडे आकाश सुरू होते तिथे कोकणाचा खरा धोका सुरू होतो, असा या मार्गाचा तीस वर्षांचा दाखला आहे. घात करतात ते कच्चा खडक आणि पाणी, खडकस्फोट नव्हे, हे देशातले इतर ताजे दाखलेही सांगतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडच्या सिलक्यारात ४१ कामगार सतरा दिवस अडकले ते कच्च्या खडकाच्या पडझडीने. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेलंगणातल्या श्रीशैलम कालव्याच्या बोगद्यात आठ माणसे गाडली गेली ती पाणी आणि चिखलाच्या लोंढ्याने.

इथे जाणकार वाचक हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. फक्त वरच्या डोंगराचे वजन मोजून खडकस्फोटाचा अंदाज बांधणे अपुरे आहे. नॉर्वेत फियॉर्डच्या उंच कड्यांलगतचे बोगदे फार खोल नसूनही तडतडतात, कारण उंच दरीच्या भिंतीत ताण उताराला समांतर एकवटतो. सह्याद्रीची पश्चिमेकडची कडाही हजार मीटरच्या घरात उभी उतरते. मग तिच्या पायथ्याशी तसे का घडू नये? याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की नॉर्वेचा कडा मुख्यतः ग्रॅनाइट आणि नाइस जातीच्या सलग खडकाचा आहे. आपला कडा आडव्या थरांचा आणि सांध्यांनी तुटलेला आहे, आणि सांधा असला की ताण साचून राहत नाही, तो थोडाथोडा सरकून वाटला जातो. घट्ट बेसाल्टमधल्या ज्या सांध्यांचा आपल्याला त्रास होतो, ते या बाबतीत संरक्षक ठरतात. दुसरे उत्तर रेल्वेच्या आखणीत आहे. कोकण रेल्वे मुख्य कड्याच्या अगदी पायाशी चिकटून जात नाही. ती कड्यापासून दूर, सुट्या सोंडांतून जाते. तरीही मी ही हरकत निकालात निघाली असे म्हणणार नाही. सांधे सगळीकडे सारखे नसतात, आणि कड्याला समांतर, त्याच्या पायाशीच बोगदा खणायचा झाला तर नॉर्वेचा अनुभव आपल्यालाही विचारात घ्यावा लागेल.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे आणि ती ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेकडे बोट दाखवते. त्या दिवशीच्या कोयनेच्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली, धरणाला तडे गेले, मुंबईची वीज गेली. जलाशयाच्या भरण्याशी संबंधित भूकंपांत हा जगातला सर्वांत मोठा मानला जातो, आणि कोयना-वारणा पट्टा तेव्हापासून थांबलेला नाही. जमीन जर इतका ताण बाळगून आहे तर तिच्यात खणलेला बोगदा सुरक्षित कसा? या प्रश्नाला उत्तर देताना दोन खोल्या वेगळ्या केल्या पाहिजेत. भूकंपाची नाभी काही किलोमीटर खाली असते; बोगदे काही शे मीटरवर. केंद्र सरकारच्या वैज्ञानिक वेधन प्रकल्पात कोयनेजवळ रासाटीला घेतलेल्या विवरात बेसाल्टची जाडी ९३३ मीटरच्या आसपास निघाली आणि त्याखाली ग्रॅनाइट-नाइसचा पाया लागला. पुढे २०१७ पर्यंत एक विवर तीन किलोमीटरपर्यंत नेण्यात आले. म्हणजे हा ग्रॅनाइटचा पाया समुद्रसपाटीच्याही खाली बसलेला आहे, आणि या परिसरात कोकणातून देशावर जाणारा बोगदा त्याला शिवणार नाही. तो थरांच्या बेसाल्टमध्येच राहील. पोफळीचे वीजगृहही त्या भूकंपानंतर टिकून राहिले, हा दुसरा दिलासा. पण हरकतीतला गाभा मला मान्य आहे. हा प्रदेश निवांत नाही, त्याच्या कवचात आडवा रेटा आहे, आणि त्या रेट्याचे माप बेसाल्टमध्येही घेतल्याशिवाय वजनाच्या हिशोबावर विसंबणे बरोबर नाही.

आता मी माझ्याच युक्तिवादावर येतो, कारण त्याचा सर्वांत सोपा गैरवापर माझ्या लक्षात आहे. करबुड्याला काही झाले नाही, कोयनेला काही झाले नाही, तेव्हा सह्याद्रीचा दगड बोगद्याला उत्तम आहे, असे म्हणून पुढच्या कामांना हिरवा कंदील देणे सहज शक्य आहे. चिपळूण-कराड आणि वैभववाडी-कोल्हापूर या रेल्वेमार्गांच्या योजना वर्षानुवर्षे चर्चेत आहेत. गाडीला सौम्य चढ हवा, आणि चढ सौम्य ठेवायचा तर बोगदा जितका खालून न्यावा तितका सोयीचा. तसे झाले तर बोगद्यावर मुख्य सह्याद्रीची सहाशे, आठशे मीटर जाडी येईल. मघाचा भागाकार इथे पुन्हा करावा. आठशे मीटरला भार दर चौरस सेंटिमीटरला २२५ किलोच्या घरात. घट्ट बेसाल्टची ताकद दीड हजार धरली तर भागाकार साडेसहाच्या आसपास येतो, म्हणजे निश्चिंतपणाच्या पट्ट्याबाहेर. आडवा रेटा उभ्या भाराच्या दीडपट निघाला, आणि भूकंपप्रवण पट्ट्याजवळ अशी शक्यता तपासावीच लागते, तर तो साडेचारच्या खाली जातो आणि पापुद्रे सुटण्याच्या पट्ट्यात पडतो. घट्ट बेसाल्टमधल्या सांध्यांचा आधार इथे काही अंशी मिळेल. पण पोकळयुक्त बेसाल्टचे काय? जो दगड उथळ बोगद्यात सर्वांत चांगला मानला गेला, आधाराशिवाय उभा राहतो म्हणून ज्याची स्तुती झाली, तोच इथे सर्वांत जास्त लक्ष ठेवण्याजोगा आहे. त्याला सांधे नाहीत, म्हणजे ताणाला वाट नाही; आणि त्याची ताकद घट्ट बेसाल्टच्या निम्म्याहून कमी असू शकते, म्हणजे भागाकार तीनच्या आत यायला वेळ लागत नाही. तो मऊ असल्यामुळे कदाचित जोरात फुटणार नाही, नुसता सोलवटत, दबत जाईल. कदाचित तांबड्या बोलावर टेकलेला सलग थर एकदम निसटेल. यातले काय घडेल हे सांगणारा अनुभव सह्याद्रीत आजवर कोणी घेतलेला नाही, कारण त्या खोलीवर लांब बोगदा अजून गेलेला नाही. सत्तर वर्षांचा निर्धोक इतिहास उथळ बोगद्यांचा आहे. तो खोल बोगद्याचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही.

मग धोका जोखायचा कसा? ही कामे माहीत असलेली आहेत, फक्त ती कंत्राट देण्याआधी व्हायला हवीत. प्रस्तावित वाटेवर पूर्ण खोलीपर्यंत विवरे घेऊन दगडाचे सलग नमुने काढावेत, आणि प्रत्येक थराची ताकद वेगळी मोजावी. सरासरी काढून एक आकडा लिहिला की पोकळयुक्त बेसाल्ट त्या सरासरीत लपतो. विवरातून निघणारा दगडाचा दंडगोल आपोआप चकत्यांसारखा तुटू लागला तर ती चढ्या ताणाची जुनी, खात्रीची खूण आहे. तिची नोंद दुर्लक्षित होता कामा नये. विवरात पाण्याचा दाब देऊन खडक चिरवण्याची पद्धत वापरून आडव्या रेट्याचे माप आणि दिशा दोन्ही मिळवाव्यात, कारण बोगद्याची दिशा रेट्याशी कसा कोन करते यावर बरेच अवलंबून असते. खोदकाम सुरू झाल्यावर दर सुरुंगानंतर समोरच्या तोंडाचा भूवैज्ञानिक नकाशा काढावा, आणि खडकातले बारीक आवाज टिपणारे संवेदक बसवावेत. कोलारच्या खाणींत हे तंत्र अनेक वर्षे वापरले गेले आणि त्याचे जाणकार देशातच आहेत. ताण चढा निघाला तर ताणले जाऊनही न तुटणारे बोल्ट, जाळी आणि शॉटक्रीट, तसेच आधी भोके पाडून ताण सोडवून घेण्याचे उपाय आहेत. यावर खर्चाची हरकत येते. विवरे महाग असतात आणि सह्याद्रीच्या जंगलात ती घेणे अवघड असते, हेही खरे. पण पेडण्याच्या दीड किलोमीटरने अख्ख्या मार्गाला किती रोखले, आणि त्यानंतरही किती वेळा दुरुस्तीला भाग पाडले, हे पाहिल्यावर आधीची विवरे महाग होती असे कोणी म्हणू शकेल असे मला वाटत नाही.

शेवटी एक विनंती. पोफळीच्या आणि त्याच परिसरातल्या अलोऱ्याच्या विवरांत, करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरमध्ये, टिके आणि बेर्डेवाडीच्या कातळात कुठे कोणता थर लागला, कुठे पाणी आले, कुठे छत सुटले, याच्या बांधकामाच्या वेळी केलेल्या नोंदी म्हणजे सह्याद्रीच्या आतला एकमेव प्रत्यक्ष नकाशा आहे. जलसंपदा विभागाने आणि कोकण रेल्वेने या नोंदी एकत्र करून, तपासून, पुढचा कोणताही घाट-बोगदा मंजूर होण्यापूर्वी अभ्यासकांसाठी खुल्या कराव्यात, आणि खोल बोगद्याच्या प्रस्तावात ताणाचे प्रत्यक्ष मोजमाप नसेल तर तो प्रस्ताव परत पाठवावा.